माकडाचा बाण आणि वानराचा अंगठा: नाशिकजवळच्या एका शाळेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकहून त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावातली ही मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा. मैदानावरून अंजनेरीचा डोंगर दिसतो. शाळेचं आणि माणसांचं नाव देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनाला शाळा दरवर्षी एक प्रकल्प पाठवते. विषय बहुधा ठरलेले: ठिबक सिंचन, सौरचूल, सांडपाण्याचं शुद्धीकरण. द्राक्षाच्या पट्ट्यात ठिबकचं मॉडेल कुणालाही समजतं आणि परीक्षकांनाही आवडतं.

त्या वर्षी दहावीच्या चार मुलांनी वेगळा हट्ट धरला. विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. लेमूरसारख्या पूर्वजांपासून माणसापर्यंतचा प्रवास त्यात थोडक्यात उरकलेला आहे, आणि मुलं नेमकी तिथेच अडकून बसली. विज्ञानाच्या बाई तयार झाल्या. मी प्राणिशास्त्र शिकवतो. मजकूर तपासून द्या म्हणून बाईंनी मला बोलावलं. पुढचं जे आहे त्यातलं काही मी पाहिलेलं आहे, काही बाईंच्या वहीतून घेतलेलं.

अडचण

मुलांचा पहिला आराखडा म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच तक्ता. डावीकडे चार पायांवरचं माकड, मग पाठीत वाकलेला, मग भाला धरलेला, शेवटी ताठ उभा माणूस. मथळा ‘माकड ते मानव’. पहिल्या चित्रावर मुलांनी गावातल्याच काळ्या तोंडाच्या वानराचा मोबाइलवर काढलेला फोटो चिकटवला होता आणि तिथून पुढे लाल बाण.

मुख्याध्यापक सरांनी तो पाहिला आणि काम थांबवलं. “बाई, वर अंजनेरी आहे. लोक तिथे मारुतीचं जन्मस्थान म्हणून हात जोडतात. त्याच्या पायथ्याशी आपण वानराचा फोटो लावून त्यातून माणूस काढायचा? संध्याकाळी पारावर काय चर्चा होईल, मला सांगा.” सर स्वतः विज्ञानाचे पदवीधर. उत्क्रांतीला त्यांचा विरोध नव्हता. कुणी प्रश्न विचारला तर मुलांना उत्तर देता येईल का, याची त्यांना खात्री नव्हती. आणि तसं झालंही होतं. गटातल्या एका मुलाच्या आजोबांनी शाळेत येऊन विचारलं होतं, “माझ्या नातवाला तुम्ही माकडाचं लेकरू ठरवताय का?”

माझ्या मते सरांची भीती आणि विज्ञानाची चूक एकाच ठिकाणी होती: त्या लाल बाणावर. आज जिवंत असलेलं वानर आज जिवंत असलेल्या माणसाचं पूर्वज असू शकत नाही. दोघांचा सामाईक पूर्वज सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो या दोघांपैकी कुणीच नव्हता. पण नुसता बाण पुसला तर तक्त्यावर चार सुटी चित्रं उरतात. प्रकल्प उरत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरांचा: विषय सोडा, ठिबककडे वळा. वेळ कमी होता, वाद नको होता. यात गैर काहीच नाही, फक्त मुलांचा प्रश्न तसाच राहिला असता.

दुसरा, तक्ता तसाच ठेवायचा आणि खाली बारीक अक्षरात ‘माणूस आणि माकड यांचा पूर्वज सामाईक’ अशी ओळ घालायची. बऱ्याच ठिकाणी हेच केलं जातं. बाईंनी तो लगेच बाद केला. चित्र एक सांगतं आणि ओळ दुसरंच, अशा वेळी लोक चित्र घरी घेऊन जातात.

तिसरा माझा होता. बाणाऐवजी फांद्या फुटलेला वंशवृक्ष काढायचा: एका बाजूला लेमूर आणि लोरिस, दुसऱ्या बाजूला टार्सियर, माकडं, कपी (चिंपांझीसारखी बिनशेपटीची), माणूस. हे अचूक होतं. पण मुलांनी ते फक्त उतरवून काढलं असतं; त्यांना करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चौथा पर्याय वर्गात निघाला. गटातली एक मुलगी वानराचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघत होती. म्हणाली, “बाई, याच्या हाताचा अंगठा केवढुसा आहे. आपल्यापेक्षा लहान. मग आपला अंगठा याच्यापासून कसा आला?”

बाईंनी तिथेच प्रश्न बदलला. ‘आपण कुणापासून आलो’ याऐवजी ‘पकडणारा हात आणि समोर बघणारे डोळे मुळात कशासाठी आले’. यात धोकाही होता. या प्रश्नाचं एकमुखी उत्तर शास्त्रज्ञांकडेही नाही, आणि प्रदर्शनाच्या अहवालात उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण यानंतर ‘निष्कर्ष’ हा रकाना भरावाच लागतो. सरांनी एका अटीवर होकार दिला: अंजनेरीचा आणि मारुतीचा उल्लेख तक्त्यावर कुठेही येणार नाही, बाजूने नाही आणि विरोधातही नाही. मला ही अट योग्य वाटली. श्रद्धेचा विषय तक्त्यावर आणून त्याला जीवाश्माने उत्तर देणं म्हणजे दोन्हींचा अवमान.

वानराचा अंगठा

मुलीचं निरीक्षण पक्कं होतं. पानं खाणाऱ्या वानरांच्या कुळात हाताचा अंगठा आखूड झालेला असतो. फांद्यांवरून झेपावताना ती माकडं उरलेल्या चार बोटांचा आकडा करून लटकतात. त्यांचं पोटही कप्प्यांचं असतं, पानं आंबवून पचवणारं. म्हणजे हे वानर जुनंपुराणं, मागे राहिलेलं जनावर नव्हे. आपल्याइतकंच ‘आजचं’ आहे, फक्त त्याने वेगळी वाट धरली.

मग बाईंनी मुलांना त्याच फोटोतला पाय बघायला लावला. पायाचा अंगठा मात्र दणकट आणि बाकीच्या बोटांपासून फाकलेला, फांदी कवेत घेणारा. मुलांनी आपले बूट काढून पाय बघितले. आपल्या पायाचा अंगठा रांगेत जाऊन बसला आहे. चालायला उपयोगी, पकडायला नाही.

प्रकल्पाचा गाभा मला इथेच दिसला. प्राइमेट म्हणजे लेमूर, माकडं, कपी आणि माणूस यांचा गट. त्यांच्या सुरुवातीच्या अनुकूलनांमध्ये सगळ्यांत ठळक दिसतो तो हाताचा नव्हे, पायाचा पकडणारा अंगठा. पकडीचं ते जुनं साधन वानराने टिकवलं आणि आपण गमावलं. उलट हाताचा अंगठा आपण वाढवला, त्याने आखडता घेतला. आजोबा पुन्हा आले तेव्हा बाईंनी त्यांना हेच दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हे आपले भाऊबंद. वाटणी कधीच झालेली. त्याच्या वाट्याला पाय आला, आपल्या वाट्याला हात.” एवढं नेमकं वाक्य मला आजवर कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

पहिला कोण, हा वाद

तक्त्याच्या मधोमध कुठला जीवाश्म ठेवायचा, यावर गटात भांडण झालं. मुलांना इंटरनेटवर ‘इडा’ नावाच्या प्राइमेटचा जीवाश्म सापडला होता: जर्मनीतल्या मेसेलची, ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची, केसांचा ठसासुद्धा उमटलेली. २००९ मध्ये तिची घोषणा माणसापर्यंतचा हरवलेला दुवा अशा गाजावाजात झाली. पण काही महिन्यांतच दुसऱ्या अभ्यासाने तिला लेमूर-लोरिसच्या बाजूला नेऊन बसवलं. दिसायला ती इतकी सुंदर आहे की मुलं तिला सोडायला तयार नव्हती. शेवटी इडा तक्त्यावर राहिली, पण कोपऱ्यात.

दुसरा उमेदवार पर्गेटोरियस. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात सापडलेला, उंदराएवढा, मुख्यतः दातांवरून ओळखला जाणारा. त्याचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ६ कोटी ५९ लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉर संपल्यावर लाख-दीड लाख वर्षांच्या आतले. २०१५ मध्ये त्याच्या घोट्याच्या हाडांचा अभ्यास झाला आणि तो झाडावर राहत असावा असं दिसलं. त्याला प्राइमेट म्हणायचं की प्राइमेटांचा निकटचा नातेवाईक, यावर मतभेद आहेत. बाई म्हणाल्या, वाद असेल तर तुटक रेषेने काढू. माझं मत त्याला सरळ प्राइमेटांत घ्यावं असं होतं. आमचं अजून एकमत झालेलं नाही.

ज्यांच्याबद्दल शंका नाही असे प्राइमेट सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वी झपाट्याने तापली त्या सुमारास, आशिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेत दिसू लागतात. चीनच्या हुबेई प्रांतातला आर्किसेबस त्यानंतर लवकरच येतो: ५ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा, २०१३ मध्ये वर्णन झालेला. वजन २० ते ३० ग्रॅम असावं असा अंदाज. आपल्या अंगणातली खारसुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी जड.

आणि मग वस्तान. गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यातली लिग्नाइट कोळशाची खाण. तिथे सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत छोट्या प्राइमेटांचे दात आणि जबडे मिळाले. २०१६ मध्ये त्यांच्या हातापायांच्या २५ हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही हाडांची ठेवण इतकी सर्वसाधारण आहे की ती लेमूर-लोरिस आणि टार्सियर-माकड या दोन मोठ्या शाखा फुटण्याच्या जागेजवळची वाटतात. सापुतारा ओलांडला की पलीकडे सुरत, म्हणून एका मुलाने लेबल लिहून टाकलं: ‘जगातलं पहिलं प्राइमेट आपल्या शेजारी!’ बाईंनी ते फाडलं नाही. ‘पहिलं’वर पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, चीनमधले याच्या आधीचे आहेत ना? मुलाने स्वतःच बदललं: ‘सर्वांत जुन्यांपैकी’. त्या काळी भारत आशियाला टेकण्याच्या बेतात होता. हे प्राणी इथवर कसे आले, हा प्रश्न खुला आहे, आणि तो तसाच खुला लिहिला गेला.

मग आपल्या डोंगरात का सापडत नाहीत? हे विचारणाऱ्या मुलाने मामाच्या शेतातून आणलेला ‘जीवाश्म’ही सोबत होता. तो झिओलाइट या खनिजाच्या स्फटिकांचा गुच्छ निघाला, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड दिसतात त्या जातीचा. उत्तर मात्र मुलांना आवडलं. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचा काळा पत्थर म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. पर्गेटोरियसच्या किंचित आधीचा. लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. ती टिकतात दोन लाव्ह्यांच्या मधल्या तळ्याच्या गाळात. तेलंगणातल्या नास्कलला असल्याच गाळात डेक्कनोलेस्टिस नावाचा चिमुकला सस्तन प्राणी मिळाला. त्याच्या घोट्यावरूनही तो झाडावर चढणारा असावा असं काहींचं मत आहे, पण प्राइमेटांशी त्याचं नातं वादग्रस्त आहे. तक्त्यावर त्याला जागा दिली नाही. मला ते जरा जड गेलं.

तीन गृहीतकं आणि एक खार

पकड आणि समोरचे डोळे कशासाठी, याचं जुनं उत्तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इलियट स्मिथ आणि वुड जोन्स यांनी दिलं: झाडावरच्या जगण्यासाठी. फांदीवर वास कमी उपयोगाचा, नजर जास्त. १९७० च्या दशकात मॅट कार्टमिल यांनी त्यावर बोट ठेवलं. खार झाडावरच राहते, तिचे डोळे बाजूला आहेत, बोटांना नख्या आहेत, आणि तिचं काही अडत नाही. समोर डोळे असतात ते घुबडाला, मांजराला, म्हणजे शिकाऱ्यांना. तेव्हा सुरुवातीचे प्राइमेट बारीक फांद्यांवर किडे पकडत असावेत. १९९१ मध्ये रॉबर्ट ससमन यांनी तिसरी बाजू मांडली: फुलं आणि फळं देणाऱ्या वनस्पती पसरत गेल्या, खाणं फांद्यांच्या टोकाला आलं, आणि तिथवर पोचायला पकड लागली.

बाईंना यात सोय दिसली. कार्टमिल यांचा साक्षीदार शाळेच्या कुंपणावरच पळत होता. मुलांनी खारी बघायच्या ठरवल्या आणि शाळेमागचा उंबर निवडला, कारण त्यावर फळं भरपूर आणि खारींची सारखी ये-जा. सगळ्या नोंदी एकसारख्या निघाल्या: खार खोडावर, खार खोडावर, खार जाड फांदीवर. मुलं खूश, की खार टोकाला जातच नाही. बाई झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि वर बघितलं. उंबराची फळं खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात. खारीला टोकाला जाण्याचं कारणच नव्हतं.

गट मग वडाकडे वळला, जिथे फळं पानांच्या बगलेत, बारीक डहाळ्यांवर असतात. तिथे खार टोकापर्यंत गेली, मागच्या पायांनी उलटी लटकून फळ तोडून आली. “अंगठा नाही तरी जाते की,” मुलं म्हणाली. या नोंदीने कार्टमिल यांची हरकत मुलांच्या हाती आली, आणि ससमन यांच्या मांडणीलाही प्रश्न पडला. वानरंही वडावर आली, पण ती इतकी जड की डहाळी आपल्याकडे ओढून बसल्या जागी खातात.

याच टप्प्यावर मी त्यांना कार्पोलेस्टिस या प्राइमेटांच्या जवळच्या नातेवाईकाबद्दल सांगितलं. वायोमिंगमधला, सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा हा सांगाडा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पायाचा अंगठा फाकलेला आणि त्यावर नखी नव्हे, सपाट नख. पण डोळे मात्र बाजूलाच. म्हणजे पकड आधी, समोरचे डोळे नंतर असू शकतं. सगळं एका फटक्यात, एकाच कारणाने आलं असं मानायची गरज नाही. फळासाठी टोकाला गेलेला प्राणी तिथे किडेही पकडायला लागला असेल. रासमुसेन यांनी १९९० मध्ये मध्य अमेरिकेतल्या एका झाडावरच्या ओपॉसमवरून (हा पिशवीवाला सस्तन प्राणी) असंच काहीसं सुचवलं होतं.

प्रदर्शनासाठी मुलांनी दोन सोपे प्रयोग ठेवले. एक डोळा झाकून, दोऱ्याला टांगलेल्या मण्याला पेनाचं टोक लावायचं. आणि हाताचा अंगठा तळव्याला चिकटपट्टीने बांधून आधी जाड बांबू, मग बारीक काठी धरायची. बांबू अंगठ्याशिवायही कवेत येतो, काठी निसटते.

निष्पत्ती

टेबलाभोवती गर्दी झाली ती मण्यामुळे. तक्ता वाचणारे थोडे होते, पण ज्यांनी मणी चुकवला ते बहुतेक मागे वळून तक्त्याकडे गेले. ‘निष्कर्ष’ या रकान्यात मुलांनी लिहिलं होतं: पकड डोळ्यांच्या आधी आली असावी, ती किड्यांसाठी की फळांसाठी हे आमच्या निरीक्षणातून ठरत नाही. एका परीक्षकांनी विचारलं, “मग तुम्ही सिद्ध काय केलं?” मुलगी म्हणाली, “खारीला जमतं, म्हणून नुसतं झाडावर राहणं पुरेसं कारण नाही, एवढं.” शेऱ्यात ‘निष्कर्ष स्पष्ट नाही’ आलं. प्रकल्प जिल्ह्याला गेला नाही. ठिबकचं एक मॉडेल गेलं, आणि ते चांगलं होतं.

गावात चर्चा झाली, पण ती सरांना वाटली होती तशी नाही. आजोबांचं वाटणीचं वाक्य पारावर फिरलं. तक्ता आता दहावीच्या वर्गात लावलेला आहे, आणि पहिल्या धड्याच्या वेळी बाई मुलांना बूट काढायला लावतात.

वेगळं काय करता आलं असतं

झाड निवडण्याआधी फळ कुठे लागतं हे बघायला हवं होतं. उंबरावर गेलेला वेळ वडाच्या नोंदींना मिळाला असता, आणि वडाच्या नोंदी शेवटी फारच थोड्या राहिल्या.

निरीक्षणं सगळी दिवसाची. सुरुवातीचे प्राइमेट रात्रीचे की दिवसाचे यावर वाद आहे. आर्किसेबसच्या डोळ्यांच्या लहान खोबणी दिवसाकडे झुकतात. रात्री त्याच वडावर फळं खाणारी वटवाघळं येतात. फळांसाठी टोकाला जाणारा, पण पकडणाऱ्या अंगठ्याच्या वाटेने न गेलेला प्राणी म्हणून ती तुलनेला घेता आली असती. एखाद्या पालकाला सोबत घेऊन संध्याकाळी तासभर थांबणं अशक्य नव्हतं.

वस्तान तक्त्यावर असूनही मुलांनी त्या हाडांचं एकही चित्र स्वतः काढलं नाही. घोट्याचं एक हाड मातीचं करून खारीच्या आणि वानराच्या घोट्याशेजारी ठेवलं असतं, तर दातांपेक्षा घोट्यावरून जास्त का कळतं हे हातात धरून दाखवता आलं असतं.

निष्कर्षाच्या रकान्याबाबत बाईंचं आणि माझं मत वेगळं आहे. त्यांच्या मते जे लिहिलं ते बरोबरच होतं आणि परीक्षकांना पटवणं हे काही मुलांचं काम नव्हे. माझ्या मते त्या ओळीखाली आणखी एक हवी होती: कोणता पुरावा मिळाला तर आम्ही मत बदलू. समोर डोळे असलेला पण पायाला पकड नसलेला तितकाच जुना सांगाडा मिळाला, तर ‘पकड आधी’ हे मागे घ्यावं लागेल. हे लिहिलं असतं तर ‘सिद्ध काय केलं’ या प्रश्नाला मुलीकडे आणखी अर्ध्या मिनिटाचं उत्तर तयार असतं.

आणि आजोबांना पहिल्या तक्त्याच्या वेळीच बोलावायला हवं होतं, असं सर स्वतः म्हणतात.